ऑटोवाल्या ग्यानोबाचा हात

आमच्या ह्यांचा हात कुठंच शांत ऱ्हात न्हाई, हे आधीच सांगून ठेवते. मागून म्हनू नका की जनकाबाई नवऱ्याच्या चहाड्या करून राहिली. लग्नाला तीस वर्सं झाली. ह्या तीस वर्सांत घरातली एक वस्तू अशी न्हाई जी ह्यांनी उघडून बघितली न्हाई. शिलाई मशीन उघडली, गॅसची शेगडी उघडली. माझ्या भावानं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ चांगलं चालून राहिलं होतं, ते बी उघडलं. "काहून उघडलं हो?" म्हनलं, तर म्हनतात, "चालतंय कसं ते बघत होतो." आता ते चालत न्हाई, म्हंजे बघायचं बी काम उरलं न्हाई.

आखाडा बाळापूरला रोडवर ह्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान हाय. विहिरीतली आना, बोअरमधली आना, जळून कोळसा झालेली आना, हे तिला उभी करतात. पन नाव झालं ते ऑटोमुळं. ऑटो म्हंजे तीन चाकाची रिक्षा न्हाई. शेतातली लाईट कवा येईल अन् कवा जाईल ह्याचा नेम न्हाई. आली की मोटार चालू करायला विहिरीवर पळायचं कोनी? म्हनून स्टार्टरला एक डबी लावतात. लाईट आली की ती डबी आपसूक मोटार चालू करती अन् मालक घरी खाटेवर पडून ऱ्हातो. त्या डबीला आमच्याकडं ऑटो म्हनतात. आजूबाजूच्या गावांत कितीतरी विहिरींवर ह्यांच्या हातचा ऑटो हाय.

विहिरीवर लावला तर लावला, ह्यांनी माझ्या मिक्सरला लावला! मी लसणाची चटणी वाटत होते, लाईट गेली. झाकन काढून मीठ बघितलं, भांडं तसंच ठेवून शेजारी लक्ष्मीबाईकडं गेले. मागं लाईट आली. मिक्सरनं माझी वाट बघितली न्हाई. परत येऊन बघते तर लाल तिखट पार छताला, फ्रीजला, कॅलेंडरला. मी बोंब मारली तर हे दारात उभं राहून काय म्हनावं? "बघ, चालला का न्हाई?"

आता सांगा, अशा मानसाच्या घरात पोरीनं समुद्र आनून ठेवावा का?

पोरगी म्हंजे साक्षी, आमची एकुलती एक. उदगीरला मासळीचं शिक्षन घेतलं अन् पुण्याला दोन वर्सं नोकरी केली. तितं मोठ्या लोकांच्या बंगल्यात काचेच्या टाक्यात समुद्र करून देतात, खारं पानी, रंगीत मासे, जिवंत प्रवाळ, समदं. ती कामाला जायची अन् वाळून यायची. मागच्या दिवाळीला आली तर गालफाडं बसलेली. मी म्हनलं, लेकरा, इथंच काही कर. तर म्हनती, "करते आई, पन आधी एक मशीन बनवू दे."

ती मशीन काय, ते मला दहा वेळा सांगितल्यावर कळलं. समुद्रातले काही मासे लई नखऱ्याचे असतात. दुकानातलं कोरडं खाद्य टाका, तोंड बी लावायचे न्हाईत. त्यांना जितं खाद्यच पायजे. रव्याच्या कनाएवढे जीव असतात, पान्यात टुनटुन उड्या मारतात, ते दिवसभर थोडे थोडे टिपून खायला पायजेत. बंगल्यातली मानसं गावाला गेली की तो मासा उपाशी मरतो. साक्षीच्या मशीनमधी हिरव्या पान्याची एक बरनी हाय. तिच्यात ते जीव पाळायचे. दर दोन तासाला मशीन त्यातलं चमचाभर पानी टाकीत सोडती. बरनीत उरलेले जीव पिल्लं देतात, तोटा पडत न्हाई. फक्त जास्त उपसायचे न्हाईत. जास्त उपसले की बियालाच उरत न्हाई. एवढं मला बराबर कळलं, कारन पेरायचं बियानं खाऊन बसलेलं घर मी बघितलेलं हाय.

अन् तिनं आमच्या घरात टाकी मांडून त्यात सोडलेला तो मासा! बोटाएवढा जीव. अंगावर निळ्या-नारंगी रेघा, जशी कोनी जरीची कुंची घातलीय. दगडावर सावकाश फिरायचा, हे हुंगायचा, ते हुंगायचा, अन् मनात आलं तर खायचा. मी त्याचं नाव ठेवलं नवरदेव. मांडवात सतरा मानसं ताट धरून उभी अन् ह्याला काही पसंत पडंना. उन्हाळ्यात त्याच्या पान्याला थंड करायची मशीन, अन् मी पदरानं वारा घेऊन राहिलेली. पन खोटं काहून सांगू, सकाळी चहा घेऊन मी त्याच्याच म्होरं बसायचे.

तर पुण्याला एक मोठं मत्स्यालय व्हायलंय. तिथल्या साहेबानं साक्षीला सांगितलं, "तुमची मशीन घेऊ. पण एक महिना चालवून दाखवा. तीस दिवस त्या माशाला माणसाचा हात लागायला नको. मासा रोडावला नाही, तर दहा मशीन तुमच्याकडून." साक्षी म्हनली, "जमलं तर आई, मी इथंच, पप्पांच्या दुकानात मशीन बनवीन. न्हाई जमलं तर पुण्याची नोकरी हायच." ती हे हसत म्हनली, पन मला हसू आलं न्हाई. माझं समदं त्या बोटाएवढ्या माशाच्या पोटावर येऊन बसलं होतं.

ऑक्टोबरात महिना सुरू झाला. मशीनच्या झाकनाला कागदी पट्टी चिकटवून तिनं सही केली. टाकीम्होरं मोबाइलचा कॅमेरा लावला. अठरा दिवस ती सोता घरी होती, समदं झ्याक चाललं. मग साहेबानं तिला तिकडच्या टाक्या बघायला बोलावलं. जाताना तिनं आमाला दोघांना उभं केलं. "पप्पा, हात लावायचा न्हाई."

"व्हय."

"पप्पा, माझ्याकडं बघून सांगा."

"व्हय म्हनलं ना. लेकरू हाय का मी?"

मी मनात म्हनलं, लेकरू असता तर बांधून ठेवला असता.

ती गेली अन् लाईटीला काय झालं देव जाने. हरभऱ्याला पानी द्यायचे दिवस, समद्या विहिरींवरच्या मोटारी एकदम चालू, लाईट धा मिनिटं यायची अन् जायची. दिवसातून पंधरा वेळा. घरात इन्व्हर्टर हाय, पन जुना. लाईट गेली की बल्ब एकदा डोळा मिचकावतो अन् मग लागतो. टाकीतलं पानी हलवायची मोटार चालू राहिली, उजेड राहिला. म्हनलं, चला, धकतंय.

दुसऱ्या दिवशी बघते तर हे टाकीमागं वाकलेले.

"काय करून राहिलात तितं?"

"धूळ पुसतो."

तीस वर्सांत ह्या मानसानं धूळ पुसलेली मी बघितली न्हाई! तितंच मला समजायला पायजे होतं. पन गॅसवर दूध होतं, मी पळाले. त्या दुधापायी पुढचं समदं घडलं.

चोविसाव्या दिवशी चहा घेऊन बसले तर नवरदेवाचं पोट खपाटीला. आमी शेळ्या पाळलेली मानसं, आमाला पोट बघायला शिकवावं लागत न्हाई. डोक्यामागं खड्डा पडलेला, रेघा फिक्या. मी बॅटरी घेऊन बरनीवर मारली. एरवी उजेड पडला की ते जीव झुंडीनं उजेडाकडं येत, हिरव्या पान्यात धुरळा उडाल्यावानी. आता पानी नितळ. एक आला, त्याच्या मागून एक आला, अन् बस.

मी साक्षीला फोन लावला. ती म्हनली, "कॅमेऱ्यात मला बी रोड दिसून राहिला होता आई, मला वाटलं उजेडाचं काही असंल." दुसऱ्या दिवशी सकाळी ती उतरली ती थेट टाकीपाशी. बॅग बी खांद्यावरच. झाकनाची पट्टी बघितली, सही जशीच्या तशी. मग तिनं मशीन हळूच फिरवली. मागं चालू करायचं बटन होतं. त्या बटनाच्या दोन तारांना दोन तारा जोडलेल्या, अन् त्या तारांच्या टोकाला काळ्या टेपात गुंडाळलेली एक डबी.

मला सांगायची गरज पडली न्हाई. ती डबी मी मिक्सरमागं बघितली होती.

"पप्पा!"

हे दुकानातून आले, हाताला वार्निश. साक्षीच्या डोळ्यात पानी. "पप्पा, मशीन चालू व्हताना आधी नळी साफ व्हावी म्हनून एक पूर्न खेप सोडती. मग दोन तास मोजती. तुमी ऑटो लावला. लाईट पंधरा वेळा आली, पंधरा खेपा जास्तीच्या गेल्या. रोज! तीन दिवसांत बरनी रिकामी. तेवढं तो खाऊ शकला न्हाई, समदं फिल्टरात मेलं. अन् आता खायला काहीच न्हाई."

मग मी तोंड उघडलं. काय काय बोलले ते इथं सांगत न्हाई, शेजारी ऐकून हायेत. घड्याळ काढलं, मिक्सर काढला, शेगडी काढली. "एक महिना! एक महिना हात खिशात ठेवायचा होता! पोरीचं नशीब बी विहिरीवरची मोटार वाटलं का तुमाला?"

हे खाली बघूनच म्हनले, "लाईट गेली की ती मशीन मरत होती. बल्ब मिचकावला की बंद. मोटार परत चालू व्हायची, ही उठायची न्हाई. पहिल्या दिवशी दुपारपासून सांजेपर्यंत बंद होती. म्हनलं, मासा उपाशी मरन. सील तोडायचं न्हाई म्हनून मागून लावला."

"असं व्हऊच शकत न्हाई," साक्षी म्हनली. "अठरा दिवस मी इथं होते. लाईट तवा बी गेली होती. दोन-तीनदा गेली. मशीन चालू होती."

अन् तितं मला आठवलं. टाकीम्होरं रोज बसनारी मी. "तवा लाईट गेली-आली की तू काय करायचीस गं?"

"काय करायचे म्हंजे?"

"चहाचा कप ठेवून उठायचीस. मागं हात घालून बटन दाबायचीस. मी सोता बघितलं. ते काय पायानं दाबत होतीस?"

पोरगी खाली बसली, फरशीवर. ती पुण्याला काम करायची तितं लाईट अशी जात न्हाई. गेली तरी मोठा जनरेटर. तिनं मशीन बनवताना लाईट गेल्यावर काय, हे मनातच आनलं न्हाई. अन् इथं तिचा सोताचा हात लागत होता, तो तिनं मोजलाच न्हाई. कपाळ बडवून घ्यायची येळ! एकीनं लाईट जाईल हे धरलं न्हाई, अन् एकानं लाईट येईल एवढंच धरलं. बाप अन् लेक, दोघं शिकलेली, अन् मधी माझा नवरदेव उपाशी.

साक्षी उठली. तिच्याजवळ एका डबीत तपकिरीसारखी पूड होती. ती म्हंजे वाळलेली अंडी, खाऱ्या पान्यात टाकली की दिवसभरात त्यातून बारीक जीव निघतात. थंड पेयाची बाटली बुडाला कापून उलटी टांगली, मिठाचं पानी, हवेची नळी, अन् वर बल्ब. दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची. तोवर तो टिकायला पायजे.

ह्यांनी त्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं. ऐन हरभऱ्याच्या पान्यात! साखरा गावचा दगडोबा जळालेली मोटार टेम्पोत घालून एवढ्या लांबून आला होता. तो घरात येऊन वरडला, "ग्यानोबा, माझा हरभरा वाळून राहिला अन् तुमी माशाम्होरं बसले? मासा मोठा का मी?"

"बस दगडोबा," हे म्हनले. "मोटार जळली तर नवी तार भरता येती. ह्याला मी भरू शकत न्हाई."

दगडोबा वरडतच बसला. मग त्यानं टाकीत वाकून बघितलं अन् आवाज कमी केला. "लई वाळलं की हो हे," म्हनला. मी त्याला चहा दिला, दुसरं काय करनार.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटलीत नारंगी ठिपके हलायला लागले. साक्षीनं सुई काढलेल्या सिरिंजमधी घेतले, नळी लावून नवरदेवाच्या तोंडाशी हळूच सोडले. त्यानं बघितलं. न्हाई खाल्लं. दगडावरून एक पाऊल सरकला, परत बघितलं. मी दात-ओठ खाऊन म्हनलं, "खा रे बाबा, आता तरी खा, मानपान मग घे." अन् त्यानं एक टिपला. परत एक. दगडोबाची मोटार घेऊन हे तवाच दुकानात गेले, मला न सांगता. डोळे पुसत गेले, ते मी बघितलं.

आता साहेबाला काय सांगायचं? मी म्हनलं, काही सांगू नका, पाच दिवस राहिलेत, हातानं चारा. साक्षी म्हनली, न्हाई. तिनं फोन लावला, साहेबाचा चेहरा दिसला. ती बोलायच्या आधीच हे मधी घुसले. "साहेब, जय भीम. मी ग्यानोबा, पोरीचा बाप. चूक माझी हाय. हात लावू नको म्हनलं होतं, मी लावला."

"सर, चूक माझी," साक्षीनं फोन वढला. "मशीन लाईट गेल्यावर उठतच नव्हती."

"न्हाई साहेब, माझी—"

"अहो, नक्की चूक कोणाची?" साहेब वैतागला.

"दोघांची!" मी मागून वरडले.

साहेबानं समदं ऐकून घेतलं. मग म्हनला, "लाईट इथंही जाते. जनरेटर असला तरी मधला क्षण अंधारच असतो. लाईट गेल्यावर जी मशीन उठत नाही, ती मला फुकट दिली तरी नको. दुरुस्त करा अन् पहिल्यापासून तीस दिवस मोजा. ती शेवटची संधी."

मग बाप-लेक दुकानात बसले. बरनीतल्या जीवांचं नवं बियानं पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं मागवलं. मी डबा घेऊन गेले की दोघांचं भांडन चालूच. हे म्हनायचे, "ऑटो पायजेच." ती म्हनायची, "पप्पा, उठायला पायजे, पन उठल्याबरोबर वाढायला नको." शेवटी असं ठरलं की ऑटो मशीनच्या पोटातच घालायचा, लाईट आली की मशीनला जागं करायचा. अन् साक्षीनं मशीनला मागचं ध्यानात ठेवायला शिकवलं: शेवटचं कवा वाढलं, आता किती वाजले, येळ झाली नसंल तर गप बसायचं. मी म्हनलं, हे शेवटचं तुझ्या पप्पाला बी शिकव.

झाकनावर ह्या बारीला दोन सह्या झाल्या. साक्षीची, अन् ह्यांची.

दुसरे तीस दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. हे दुकानातून आले की टाकीम्होरं खुर्ची टाकून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. लाईट जायची, यायची. ह्यांचा खांदा हलायचा. मी सैपाकघरातून खोकायचे. नवरदेवाचं पोट हळूहळू भरलं, डोक्यामागचा खड्डा बुजला.

तिसाव्या दिवशी बाराची खेप साहेब फोनवर बघनार होता. साक्षी फोन धरून उभी, आमी दोघं मागं. पावनेबाराला लाईट गेली. बल्ब मिचकावला, मशीनचा हिरवा दिवा गेला. जराशानं दिवा परत लागला. पन आवाज न्हाई, काही न्हाई. पाच मिनिटांनी लाईट आली. बल्ब मिचकावला, दिवा गेला, दिवा लागला. परत गप.

"चालू हाय का ती?" हे कुजबुजले.

"चालू हाय. गप बसा."

"काहीच करून न्हाई राहिली."

"येळ झाली न्हाई अजून!"

ह्यांचा उजवा हात उठला. मी बघत होते, तो सोताच्या मनानं चालला होता, बटनाकडं. मी मनगट धरलं, गच्च. ह्यांनी वढलं, मी सोडलं न्हाई. तीस वर्सांचा समदा राग त्या मुठीत होता म्हना. घड्याळात बारा झाले. मशीनमधी बारीक किर्र झालं, नळीतून चमचाभर हिरवं पानी टाकीत सुटलं. नवरदेव दगडामागून निघाला, सावकाश, जसं काही आमी कोनीच नव्हतो. एक टिपला. मग दुसरा.

"झालं," साहेब फोनमधी म्हनला. "दहा मशीन. पुण्याला येऊन बनवणार का?"

"न्हाई सर," साक्षी म्हनली. "इथंच. पप्पांच्या दुकानात."

मला एकदम रडू आलं. पोरीच्या त्या बसलेल्या गालांसाठी किती दिवसांचं कोंडलेलं होतं, ते समदं भडभडून आलं. साक्षी आमच्याकडं वळून हसायला लागली, कशाला ते मला कळंना. तर हे म्हनले, "सोड की आता."

बघते तर ह्यांचं मनगट अजून माझ्याच मुठीत. बोटांचे वळ उठलेले.

"काहून सोडू?" म्हनलं. "परत कुठं लावायचाय?"

"कुठंच न्हाई," हे म्हनले, अन् हात तसाच राहू दिला.